सिस्टर बोर्डेंचा मुलगा

सिस्टर बोर्डेंना एक मुलगा आहे आणि तो खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय, ही बातमी भिवंडीत एके काळी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर गालाला साबण लागायच्या आत कळायची. बाई अविवाहित. त्यात ख्रिस्ती. त्यात नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातली नर्स, म्हणजे मुलं इकडची तिकडे करायची सोय हाताशीच. एवढं सामान एका जागी सापडल्यावर गावानं तरी काय करावं? सिस्टरनी आपलं पोर जवळच्या अंजूर गावातल्या एका बाळंतिणीच्या कुशीत ठेवलं, तिचं मेलेलं उचललं आणि वीस-बावीस वर्षांनी त्या पोरानं माणूस मारला, अशी ती हकिकत होती. बापाबद्दल तीन मतं होती. एक डॉक्टर, दुसरा पाळक आणि तिसऱ्याचं नाव मी घेत नाही, कारण त्याचे नातू अजून मला रस्त्यात नमस्कार करतात.

मी त्या काळात कोर्टाबाहेर बदामाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. गावातली भानगड आधी माझ्या कागदावरून जायची आणि मग न्यायाधीशापुढे. त्यामुळे अशा बाबतीत लोक "तात्या, खरं काय?" असं विचारायचे आणि विचारल्यावर गप्प बसणं मला आजतागायत जमलेलं नाही.

सुनीती बोर्डे मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. भिवंडीच्या कडेला, टेमघरला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पांढरी साडी, पुरुषी काळी छत्री, आणि चाल अशी की समोरून येणारी सायकल आपण होऊन गटाराच्या बाजूला व्हावी. अर्धं गाव त्यांच्या हातात जन्मलेलं, त्यामुळे त्यांना कुणाची भीड नव्हती. खलील म्हणून एक लूमवाले होते, बत्तीस यंत्रमागांचे मालक, वजनदार माणूस. त्यांच्या मिशा फुटलेल्या थोरल्या मुलाला भर बाजारात सिस्टर म्हणाल्या होत्या, "तुझे पाय आधी आले होते. अजून तसाच चालतोस." खलीलभाई ही गोष्ट स्वतःच सांगून हसायचे.

ख्रिस्ती घरं गावात मोजकी. त्यांची रविवारची उपासना एका शाळेच्या वर्गात व्हायची. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. त्यांचे पाळकसाहेब महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी खाडीपलीकडच्या जेलात जाऊन कैद्यांसाठी प्रार्थना घ्यायचे. त्र्याऐंशी साली त्यांचा पाय मोडला. आता जेलात जाणार कोण, असा प्रश्न चर्चच्या मंडळीत आला तेव्हा सगळ्यांना आपापली दुखणी आठवली. सिस्टर म्हणाल्या, "मी जाते. गीतांची पुस्तकं मोजून परत आणायला तरी कुणी हवं."

पहिल्याच दिवशी मागून एक कैदी ओरडला, "सिस्टर, टोचणार का?"

"रांगेत उभा राहा. तुझ्यापासूनच सुरुवात करते."

बराक हसली. पाळकसाहेबांचा पाय दोन महिन्यांत बरा झाला, पण ते पुन्हा गेले नाहीत आणि सिस्टर पुन्हा थांबल्या नाहीत.

एक गीत, शास्त्रातला एक उतारा, प्रार्थना, एवढं झालं की खरं काम सुरू व्हायचं. ते काम म्हणजे खबर. अमक्याच्या बायकोला विचारून या, तमक्याच्या भावाला सांगून या. रविवारी उपासना आटोपली की बाई छत्री घेऊन शहापूर, कल्याण, कुठे कुठे त्या पत्त्यांवर जायच्या. बहुतेक दारं उघडत नसत. पुढच्या शनिवारी त्या तसंच सांगायच्या: "दार उघडलं नाही." गोड करून सांगणं त्यांना येत नव्हतं. मला एका सुटून आलेल्यानं सांगितलं होतं, "बाकी जो येतो तो 'हो जाएगा, हो जाएगा' करतो. सिस्टर 'नाही' म्हणते. म्हणून तिची वाट बघायचो."

सुटून आलेल्यांतले काही टेमघरला उतरायचे. बाई त्यांना चार दिवस ठेवून घ्यायच्या आणि मग खलीलभाईंच्या लूमवर नेऊन उभं करायच्या. टिकलं कुणीच नाही. एक तिसऱ्या दिवशी त्यांचा प्रेशर कुकर घेऊन गेला. शिट्टी घासून ओट्यावर वाळत ठेवली होती, ती राहिली. दुसरा दारू पिऊन शिफ्टवर आला. तिसऱ्याला महिन्याभरात पोलिसांनी जुन्या केसमध्ये उचललं. खलीलभाई म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही बाहेर काढता, मी ठेवून घेतो, पोलीस परत नेतात. तिघांची ड्युटी मस्त चाललीय."

"चौथ्याला आणते," सिस्टर म्हणायच्या.

चौथा म्हणजे अनंता. अंजूरचा. ऐंशी साली खाडीकाठच्या बांधावरून त्याचं आपल्या मामेभावाशी भांडण झालं. हातात पहार होती. एकच घाव. मामेभाऊ जागच्या जागी गेला. अनंता पहार तिथंच ठेवून पोलीस ठाण्यात चालत गेला. गेलेला मुलगा अनंताच्या आईनं, मैनाबाईनं, कडेवर खेळवलेला होता, तिच्या सख्ख्या भावाचा. त्या दिवसापासून भावानं तिचं तोंड पाहिलं नाही. माहेर तुटलं आणि मैनाबाई पोराला भेटायला कधीच गेली नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही.

अनंता सिस्टरना एकच प्रश्न विचारायचा, "अंजूरची काय खबर?" म्हणून बाई अंजूरला जायला लागल्या. मैनाबाई अंगणात भात वाळवत असायची. सिस्टर ओट्याच्या कडेला बसायच्या, पाऊणएक तास. मैनाबाई पायानं भात फिरवत राहायची. बोलणं नाही, पाणी नाही, "ऊठ" असंही नाही. मग सिस्टर उठायच्या, "येते" म्हणायच्या आणि रिक्षाची वाट बघत रस्त्याला लागायच्या. असं दर महिन्याला.

शहाऐंशी साली अनंता फर्लोला पात्र झाला. फर्लो म्हणजे कैद्याला वर्षाकाठी मिळणारी चौदा दिवसांची घरची रजा. पण घर पाहिजे, आणि त्याला ताब्यात घेणारं माणूस पाहिजे. सिस्टर तो फॉर्म घेऊन माझ्या झाडाखाली आल्या.

मी कागद मशीनला लावला. नाव, वय, पत्ता टेमघर. "नातं काय लिहू?"

"ओळखीची."

"ओळखीची कायद्यात चालते. टेबलावर चालत नाही. कारकून कागद खाली ठेवतो, तो खालीच राहतो."

"मग प्रभूमध्ये बहीण लिहा."

"प्रभूला कुठल्या रकान्यात घालू, सिस्टर? मावशी लिहितो."

"मावशी चालेल?"

"मावशी म्हटलं की सख्खी की चुलत, अशी चौकशी येते. आईला येत नाही. 'आई' वाचलं की साहेब मान वर करत नाही."

बाई मशीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आडनाव वेगळं आहे."

"दुसरं लग्न."

"माझं पहिलंच झालेलं नाही, तात्या."

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही."

मी टाइप केलं. दोन अक्षरं. बाईंनी सही करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात माझा एक भाडेकरार झाला असता. सही करून म्हणाल्या, "हे खोटं आहे. हे माझ्या माथी."

"निम्मं मला ठेवा," मी म्हणालो. असं बोलायला माझं काय जातंय.

चौकशीला आलेल्या हवालदाराची पोरं सिस्टरच्याच हातची. त्यानं चहा घेतला, "ठीक आहे" लिहिलं आणि गेला. अनंता चौदा दिवस टेमघरला राहिला. बोलायचा कमी. पहाटे उठून दोन्ही खोल्या झाडायचा, मग अंगण, मग शेजाऱ्यांचं अंगण, मग शेजारी हरकत घेईपर्यंत रस्ता. रविवारी उपासनेला नेला तेव्हा ज्या बाकावर तो बसला त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी गीतांची पुस्तकं ठेवून जागा धरल्या आणि त्या जागा गीतं संपेपर्यंत पुस्तकांच्याच राहिल्या. चौदाव्या दिवशी तो वेळेच्या तासभर आधी जेलच्या दारात हजर. पुढची दोन वर्षंही तसंच.

इकडे अंजूरला, अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत, मैनाबाईनं भात फिरवता फिरवता पाठमोरीच विचारलं, "त्याचा कान वाहतो का अजून?"

सिस्टरनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हललेला ऐकला. साडेचार वर्षं ओट्यावर बसून मिळालेलं ते पहिलं वाक्य होतं. त्यानंतर मैनाबाई थोडी थोडी बोलायला लागली. पाणी द्यायला लागली. आणि एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात म्हणाली, "येत्या रजेला आण त्याला. अंगणात उभा ऱ्हाऊ दे. मी बघन. घरात न्हाय."

अनंताला हे कळल्यावर त्यानं दुसरं काही विचारणंच सोडलं. अंगणात कुठे उभं राहायचं, ओट्याकडे तोंड करून की रस्त्याकडे, मामाच्या घरातून दिसेल का, पाया पडायला वाकलो तर ती आत जाईल का. सिस्टर सगळं ऐकून घ्यायच्या. त्याच्यासाठी त्या अंगणापलीकडे जगात काही उरलं नव्हतं आणि ते अंगण त्याला मिळणार होतं.

आता माझी पाळी. त्या पावसाळ्यात एका बुधवारी कोर्टाला सुट्टी होती, मजीदच्या हॉटेलात पाचसहा जण चहा घेऊन बसले होते आणि विषय संपला होता. विषय संपलेला मला सहन होत नाही. मी म्हणालो, "आपल्या सिस्टर बोर्डे आहेत ना, त्या आई झाल्यात. माझ्या मशीनवर. मुलगा एकदम अठ्ठावीस वर्षांचा." हसले सगळे. मीही हसलो. खुलासा मी करणार होतो, पण तेवढ्यात मजीदनं दुसरा चहा आणला आणि कुणीतरी क्रिकेट काढलं.

आठ दिवसांत त्या मुलाला बाप मिळाला. पंधरा दिवसांत मेलेलं पोर, कुशीत ठेवलेलं पोर, सगळं जमून आलं. मी खोडून काढायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर फॉर्म खोटा आहे हे सांगावं लागलं असतं आणि तो मी टाइप केला होता. शिवाय, लपवून काय उपयोग, गोष्ट रंगत चालली होती आणि प्रत्येक जण येऊन मलाच विचारत होता. मी "छे छे" म्हणायचो, पण ज्या सुरात म्हणायचो त्या सुरात ते कबुलीसारखं ऐकू यायचं. ही कला आहे.

मग जेलला निनावी अर्ज गेला. टाइप केलेला होता. माझ्या मशीनवरचा नव्हता, एवढं मी खातरीनं सांगतो. धर्मसेवेच्या नावाखाली येणारी ही बाई अमुक कैद्याची आई आहे, असं त्यात होतं. सिस्टरना पत्र आलं. ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

नियम साधा होता. कैद्याच्या नातेवाइकाला आत जाऊन प्रार्थना घेण्याचा, म्हणजे सेवेचा पास मिळत नाही, त्यानं मुलाकातीच्या जाळीपलीकडे उभं राहावं. सेवेचा पास ठेवायचा तर आपण आई नाही असं लिहून द्यावं. पण तसं लिहून दिलं की तीन वर्षांचे फर्लोचे कागद खोटे ठरतात. अनंताची रजा बंद, शिक्षेतून सूट मिळालेले माफीचे दिवस धोक्यात, चौदा वर्षांनी सुटायचा तोही अडकणार.

"तिसरा रस्ता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही हॉटेलात काय बोललात ते मला कळलंय, तात्या."

मी कागद सरळ करत बसलो. त्या म्हणाल्या, "लिहा. मी त्याची आई आहे, पास परत करते."

"बाकीच्या कैद्यांचं काय?"

"ते मी विचारलं नाही तुम्हाला."

मी टाइप केलं. पास गेला. मंडळीतून दुसरं कुणी जायला तयार झालं नाही. गीतांची पुस्तकं जेलातच राहिली, मोजायला कुणी गेलं नाही. बाई महिन्यातून एकदा इतर आयांबरोबर रांगेत उभ्या राहायच्या आणि जाळीतून वीस मिनिटं अनंताशी बोलायच्या. बाकीचे सत्तरएक जण आतून निरोप पाठवायचे, सिस्टर का येत नाही. उत्तर द्यायला बंदी होती.

अंजूरला बातमी आता सरकारी शिक्का घेऊनच पोचली. सिस्टर गेल्या तेव्हा मैनाबाई ओट्यावर बसली होती. भात नव्हता, काही नव्हतं, नुसती वाट बघत बसलेली.

"तुझा हाय तो," ती म्हणाली.

"नाही. तुमचाच आहे, बाई. मी शपथ घेते."

"तर मग सरकारला लिहून दे तसं."

सिस्टरना ते देता येत नव्हतं. का देता येत नाही ते त्यांनी सांगितलं, कागद, रकाना, नियम, सगळं. मैनाबाईनं शांतपणे ऐकलं.

"मना कागद समजत न्हाय," ती म्हणाली. "माझा भाऊ काल आला होता. नऊ वर्षांनी आला. बोलला, 'मैना, माझ्या पोराला मारणारा आपल्या रक्ताचा नव्हता.' माझ्या हातचं जेवून गेला." मग उठली. "आता तू येऊ नको. त्याला पण आणू नको."

एका अफवेनं त्या बाईला भाऊ परत दिला होता. खऱ्यानं तिला द्यायला काहीच नव्हतं.

त्या वर्षीच्या फर्लोला अनंता आला आणि चौदाही दिवस खोलीत बसून राहिला. झाडलंसुद्धा नाही. सिस्टरनी त्याला सगळं जसं घडलं तसं सांगितलं, नेहमीसारखं. त्यानं ऐकलं. पण जेलात त्यानं अफवाही ऐकली होती, आणि त्याच्या मनात काय बसलं ते पुढं कळलं.

चौऱ्याण्णव साली तो सुटला. सिस्टर दारात घ्यायला गेल्या. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "आई."

"मी तुझी आई नाही, अनंता. तुला माहीत आहे."

"आत असताना होतीस. आता बाहेर आलो तर न्हाय?"

"आतही नव्हते. कागदावर होते."

तो हसला. म्हणाला, "ती बोलते मी तिचा न्हाय. तू बोलतेस मी तुझा न्हाय. दोघीपण शपथ घेता."

रिक्षात असताना बाईंना एक वाक्य खोटं बोलता आलं असतं. मी हे त्यांना नंतर एकदा म्हणालोही. त्या म्हणाल्या, "एकदा बोलले होते. त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

त्यांनी माझ्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की आपण त्याची आई नाही. आता सांगायला धोका नव्हता. ते घेऊन अनंताला अंजूरला नेलं. मैनाबाईनं आतूनच विचारलं, "कोन हाय?" अनंतानं नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुझी आई टेमघरला ऱ्हाते." दार उघडलं नाही. कागद सिस्टरनी दाराखालून सरकवला, तो आतून परत सरकवला गेला. अनंता अंगणात उभा होता. बराच वेळ उभा राहिला, ओट्याकडे तोंड करून.

खलीलभाईंनी त्याला लूमवर घेतलं. जेलात तो हातमागावर सतरंज्या विणायला शिकला होता. चौदा वर्षांत तयार झालेला तो हात इथं काही कामाचा नव्हता, कारण इथं एका माणसानं चार लूम सांभाळायचे असतात. धागा तुटला की तो हातमागासारखं सगळं थांबवून, बसून, नीट गाठ मारायचा, तोवर बाकीच्या तीन लूमवर कापड बिघडलेलं. यूपीचे कारागीर त्याला "जेलर" म्हणायचे. खलीलभाईंनी शिव्या दिल्या नाहीत. मला म्हणाले, "तात्या, आदमी अच्छा है. मगर कान नहीं है उसको. लूम बंद पडला तरी समजत नाही." पाच महिने राहिला. एके दुपारी शिफ्ट सुटल्यावर मानकोलीच्या नाक्यावर एका ट्रकच्या क्लीनरशेजारी बसताना त्याला कुणीतरी पाहिलं. ट्रक गुजरातकडे जाणारा होता. त्यानंतर अनंताला कुणी पाहिलेलं नाही.

सिस्टर शहाण्णवला निवृत्त झाल्या. जेलचा पास मिळावा म्हणून त्यांनी तीन अर्ज केले, तिन्ही माझ्याकडून. पहिल्यांदा आई असल्याचं लिहून दिलं, मग नसल्याचं. अशा बाईला कोण आत घेणार? मंडळीनं त्यांना वार्षिक सभेत काही बोलायचं आहे का, असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जेलात आपली चौतीस पुस्तकं आहेत. कुणी जाणार असेल तर सांगा." कुणी सांगितलं नाही. अठ्ठ्याण्णव साली टेमघरलाच त्या गेल्या. शवगाडीबरोबर मंडळीतली सात माणसं, खलीलभाई आणि मी. वाटेत एक जण माझ्या कानाशी लागला, "मुलगा नाही आला?"

पुढच्या वर्षी मैनाबाई गेली. तिला अग्नी भावानं दिला.

अनंता अठ्ठावन्न साली अंजूरला, घरात जन्मला. त्याची आई मैना. बाळंतपण त्याच्या आत्यानं, सीताबाईनं केलं. सुनीती बोर्डे भिवंडीत आल्या एकोणसत्तर साली. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि चौथीत शिकत होता. हे सगळं त्याच्या खटल्याच्या कागदांत आहे. त्या कागदांची नक्कल मी टाइप केली होती, आणि त्या बुधवारी मजीदच्या हॉटेलात बसलो होतो तेव्हाही हे मला माहीत होतं.